तबकडी पुन्हा कशी वाजते?

(द्वितीय वर्ष कला)

एखादा मनुष्य तेच तेच बोलू लागला की ‘झाली याची रेकॉर्ड सुरू’ असे आपण सहज म्हणतो. ‘याची सुई अडकली’ असेही म्हणतो. बोलताना दोन्हींचा अर्थ एकच. परंतु ग्रामोफोनच्या दृष्टीने या दोन गोष्टींत मोठा भेद आहे. सुई अडकते तेव्हा तबकडीवरील खाचेची भिंत कोठेतरी मोडलेली असते व सुई पुनःपुन्हा मागच्याच फेऱ्यात पडते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे पाऊण सेकंदाचा. तेवढाच तुकडा ती ऐकवीत राहते. हा झाला बिघाड. उलट, संपूर्ण गाणे संपल्यावर सुईने आपण होऊन उठावे, काठाशी परत यावे आणि पहिल्या सुरापासून तेच गाणे पुन्हा सुरू करावे, यात बिघाड नाही, कारागिरी आहे. ती यंत्राला शिकविण्यास माणसाला बरीच वर्षे लागली.

आज मोबाइलवर गाणे पुन्हा लावणे हे एका स्पर्शाचे काम आहे. त्यामुळे त्यात शिकविण्यासारखे काय होते, असा प्रश्न पडेल. मी शास्त्र शाखेचा विद्यार्थी नाही. तरीही हे यंत्र समजून घेताना मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. यंत्राला गाणे कळत नाही. त्याला फक्त गाण्याचा शेवट कळू शकतो, आणि तोही कोणीतरी आधी कोरून ठेवला असेल तरच. प्रस्तुत लेखात हेच थोडे उलगडून पाहावयाचे आहे.

हाताचे काम

प्रथम हे काम हाताने कसे होत असे ते पाहू. चावीच्या ग्रामोफोनवर दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे वाजे. ती लावण्यापूर्वी चावी द्यावयाची, साउंडबॉक्समध्ये नवी सुई बसवावयाची, थाळी सुरू करावयाची आणि सुई अलगद काठावर टेकवावयाची. गाणे संपले की सुई उचलावयाची, थाळी थांबवावयाची आणि पुन्हा पहिल्यापासून सारे करावयाचे.

यातील सुई बदलण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी मुख्यतः लाखेची असे. ही लाख बहुतांशी आपल्या देशातून परदेशी जात असे. परंतु तबकडीत निव्वळ लाख नसे. तीत दगडाची बारीक पूडही मिसळलेली असे. पोलादी सुई या खरखरीत खाचेतून फिरताना स्वतःच झिजून खाचेच्या आकाराची होई. एका बाजूपुरते हे सोयीचे होते. पण तीच सुई पुन्हा वापरली तर तिच्या झिजलेल्या कडा खाच खरवडू लागत. म्हणून दर बाजूला नवी सुई असा दंडक होता.

माझे आजोबा १९७० च्या सुमारास आमच्या तालुक्यातील एका लाउडस्पीकरवाल्याच्या हाताखाली लग्नसराईत जात असत. खाली चावीचे यंत्र आणि वर बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर. मांडवात पंगती बसल्या तरी यंत्रापाशी बसलेल्या पोराला उठता येत नसे. ‘गाणं तीन मिनिटांचं अन् जेवण दहा मिनिटांचं, मग जेवायचं कधी?’ असे ते अजून सांगतात. शाळेत चौथीपुढे न गेलेल्या आजोबांच्या या एका वाक्यात आपला सारा विषय आला आहे. यंत्र गात होते हे खरे. पण दर तीन मिनिटांनी त्याला माणसाचा हात लागत होता. तो हात मोकळा कसा झाला?

दुकानदाराची गरज

थॉमस एडिसन याने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्यात तबकडी नव्हती, नळकांडे होते. पुढे ही नळकांडी मेणाची झाली. त्या काळच्या बहुतेक फोनोग्राफांत बारीक आट्यांचा एक लांब स्क्रू फिरे आणि तो सुईच्या पेटीला नळकांड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवीत नेई. पेटी शेवटास पोहोचली की हाताने उचलून परत आरंभाशी आणावी लागे.

२३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरातील पॅले रॉयल नावाच्या मद्यगृहात लुई ग्लास याने नाणे टाकून चालणारा फोनोग्राफ ठेवला. त्याला कर्णा नव्हता, ऐकण्याच्या चार नळ्या होत्या. यंत्रात नळकांडे एकच. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासाठी तेच गाणे पहिल्यापासून वाजावयास हवे. घरात गाणे पुन्हा लावणे ही हौसेची बाब असेल. दुकानात ती मिळकतीची बाब झाली. त्यामुळे शेवटास पोहोचलेली पेटी आपोआप उचलून आरंभाशी आणणारी योजना प्रथम अशा नाण्याच्या यंत्रांना हवी होती, यात नवल नाही. पुढील नाण्याच्या फोनोग्राफांत ती आली. १९०६ मध्ये शिकागोच्या जॉन गेबेल याने ‘ऑटोमॅटिक एंटरटेनर’ हे यंत्र विक्रीस आणले. त्यात २४ तबकड्या असत, हवी ती निवडता येई, आणि प्रत्येक वेळी सुईसुद्धा यंत्रच बदली. आजोबांचे निम्मे काम गेबेलच्या यंत्राने त्यांच्या जन्मापूर्वी कितीतरी आधी करून दाखविले होते.

शेवट ओळखणे

तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये पुढे आणला. त्याने आटे असलेला स्क्रू काढून टाकला. सुईला खाचच ओढून नेते, वेगळा स्क्रू कशाला, हा त्याचा विचार. यंत्र सोपे झाले, स्वस्त झाले. पण आपोआप परत फिरण्याच्या दृष्टीने नवी अडचण उभी राहिली. नळकांड्याला ठरावीक लांबी होती. पेटी टोकाला गेली म्हणजे गाणे संपले, एवढे यंत्राला पुरे होते. तबकडीवर मात्र गाणे कोठेही संपते. छोटे गाणे काठापासून दोन इंचांवर संपेल, मोठे गाणे मधल्या कागदी चिठ्ठीला जाऊन भिडेल. मग गाणे संपले हे यंत्राने ओळखावे कसे?

एक उपाय असा, की सुईची दांडी ठरावीक जागी पोहोचताच खटका पडावा. पण छोट्या गाण्याला ती जागा कधी येणारच नाही, आणि मोठे गाणे मधेच तुटेल. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. यंत्राला शहाणे करण्याऐवजी तबकडीवरच खूण करावयाची. गाणे संपल्यावर रिकामी खाच पुढे कोरावयाची, तिने सुईला झपाट्याने मध्याकडे न्यावयाचे आणि शेवटी एका वर्तुळात सोडावयाचे. अनेक तबकड्यांवर हे शेवटचे वर्तुळ मुद्दाम मध्यबिंदूपासून थोडे बाजूला काढलेले असे. त्यामुळे सुईची दांडी आत-बाहेर अशी डुलू लागे. गाणे चालू असताना दांडी फक्त आतच सरकते, कधी मागे येत नाही. ती मागे आली, म्हणजे गाणे संपले. यंत्राला एवढी खूण पुरते. जुन्या, विशेषतः १९२० पूर्वीच्या, अनेक तबकड्यांवर अशी खाच नाही. गाणे संपते त्या ठिकाणी खाचही संपते. अशी तबकडी स्वयंचलित यंत्रावर ठेवली तर सुई तेथेच घासत राहते आणि यंत्र स्वस्थ बसते. दोष यंत्राचा नव्हे; त्याला कोणी शेवट सांगितलेलाच नसतो.

पुढे वेगावरून शेवट ओळखणारा खटका सर्वत्र रूढ झाला. त्यासाठी थोडे गणित करू. तीन मिनिटांत ७८ च्या वेगाने २३४ फेरे होतात. तेवढ्या वेळात सुई आत सुमारे अडीच इंच सरकते. म्हणजे एका फेऱ्यात साधारण इंचाचा शंभरावा भाग. शेवटच्या रिकाम्या खाचेत मात्र ती एकाच फेऱ्यात याच्या कितीतरी पट आत जाते.

आता थाळीखाली पाहू. दांडीच्या मुळाशी जोडलेला एक अगदी हलका खटका तेथे सैल बसविलेला असतो. दांडी आत येईल तसा तो थाळीच्या मध्याकडे ढकलला जातो. थाळीच्या मध्याशी एक लहान उंचवटा असतो. तो दर फेऱ्याला खटक्याला टिचकी मारून जातो. गाणे चालू असताना खटका एका फेऱ्यात केसभरच पुढे येतो, त्यामुळे टिचकी बसताच तो निमूटपणे मागे सरतो. असे दोनशेहून अधिक वेळा होते. शेवटच्या खाचेत दांडी एकदम आत धावते आणि खटका उंचवट्याच्या अगदी वाटेत येऊन उभा राहतो. आता तो मागे सरकू शकत नाही, उंचवट्यात अडकतो, आणि त्या धक्क्याने शेजारचे मोठे चाक हलते.

दात नसलेली जागा

हे मोठे दातेरी चाक या यंत्राचा प्राण आहे. थाळीच्या मध्याभोवती एक लहान दातेरी चाक असते आणि ते सतत फिरत असते. मग मोठे चाक एरवी का फिरत नाही? कारण मोठ्या चाकाच्या परिघावर एका ठिकाणी दात मुद्दाम ठेवलेले नसतात. विश्रांतीच्या वेळी ती रिकामी जागा लहान चाकासमोर असते. लहान चाक फिरत राहते, पण पकडावयास दातच नाहीत. खटक्याचा धक्का बसला की मोठे चाक किंचित सरकते, त्याचा पहिला दात लहान चाकात सापडतो आणि ते फिरू लागते.

एका पूर्ण फेऱ्यात मोठे चाक सगळी कामे क्रमाने उरकते. त्याच्या अंगावर नागमोडी खोबण कोरलेली असते. खोबणीतून सरकणारी खुंटी आधी दांडी वर उचलते, मग तिला बाहेर नेते, काठाच्या वर आणते आणि शेवटी सावकाश खाली सोडते. इतक्यात रिकामी जागा पुन्हा लहान चाकासमोर येते आणि मोठे चाक आपोआप थांबते. उचलणे, नेणे, टेकविणे ही हाताची तिन्ही कामे एका खोबणीत कोरलेली आहेत. मोठे चाक थाळीच्याच बळावर फिरत असल्यामुळे थाळीचा वेग कमी असेल तर या साऱ्याला वेळही जास्त लागतो. ७८ ऐवजी ३३⅓ फेऱ्यांवर तोच खेळ दुपटीहून अधिक वेळ चालतो.

थप्पी आणि तिचा कान

तीच बाजू पुन्हा वाजविता आली, की पुढची तबकडी लावणे हे दुसरे पाऊल. ऑस्ट्रेलियातील होबार्टच्या एरिक वॉटरवर्थ याने १९२५ मध्ये तबकड्या आपोआप बदलणारे यंत्र बनविले. ते ‘सलोनोला’ या ग्रामोफोनमध्ये बसवावयाचे ठरले व १९२७ मध्ये सिडनीच्या प्रदर्शनात दाखविलेही गेले. परंतु ती कंपनी बुडाली व सलोनोला बाजारात आलाच नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीचे स्वयंचलित यंत्र विक्रीस आले व चालले. पुढे ‘रेकॉर्ड चेंजर’ म्हणून जे यंत्र घरोघरच्या रेडिओग्राममध्ये आले त्यात मधल्या उंच खुंटावर तबकड्यांची थप्पी ठेवीत. दर वेळी खालची एक तबकडी थाळीवर पडे.

थप्पी सरळ राहावी म्हणून तिच्यावर एक आडवी दांडी टेकवीत. या दांडीला दुसरेही काम असे. तबकड्या कमी होतील तशी ती खाली येई. शेवटची तबकडी पडली की ती तळाला टेके आणि त्यावरून यंत्राला कळे, की आता वर काही नाही. ही बाजू झाली की थांबावयाचे. ही दांडी म्हणजे जणू थप्पीला लावलेला यंत्राचा कान.

आता खरी गंमत पाहावी. अनेक चेंजरांवर ही आडवी दांडी वर उचलून बाजूला फिरवून ठेवली, की थाळीवरची एकच तबकडी पुनःपुन्हा वाजत राही. त्याचे कारण काय? दांडी तळाला टेकलेली नाही. म्हणजे यंत्राच्या समजुतीने वर अजून तबकड्या आहेत. गाणे संपल्यावर ते इमानाने आपला सारा फेरा करते, वरून तबकडी पडण्यासाठी खुंट हलविते, काहीच पडत नाही, आणि सुई काठावर टेकते. तेच गाणे सुरू होते. आपल्याला वाटते यंत्राने गाणे पुन्हा लावले. यंत्राच्या लेखी मात्र ही दर खेपेस नवी तबकडी असते.

याचा अर्थ असा, की पुन्हा वाजविणाऱ्या या यंत्रापाशी ‘पुन्हा’ नावाची गोष्टच नाही. मागचे त्याला आठवत नाही. दहावी खेप आणि पहिली खेप त्याला सारखीच. ‘पुन्हा’ हे फक्त ऐकणाऱ्याच्या ठिकाणी असते.

यंत्रासाठी तबकडी बदलली

यंत्र माणसाच्या सोयीसाठी असते असे आपण म्हणतो, पण यंत्राच्या सोयीसाठीही पुष्कळ बदलावे लागते. शेवटची खाच हे त्याचे पहिले उदाहरण झाले. दुसरे उदाहरण पाश्चात्त्य संगीताचे. तेथे एक दीर्घ रचना पाच-पाच तबकड्यांवर पसरलेली असे. चेंजर तबकडी उलटत नाही. पहिल्या तबकडीवर भाग १ आणि २ असे छापले तर यंत्र १, ३, ५ असे वाजवील. म्हणून पाच तबकड्यांच्या संचात पहिलीवर १ आणि १०, दुसरीवर २ आणि ९, तिसरीवर ३ आणि ८, अशी जुळणी करू लागले. १ ते ५ वाजले की सारी थप्पी एकदाच उलटी करावयाची, पुढे ६ ते १० क्रमाने मिळत. तिसरे उदाहरण १९४९ चे. आर. सी. ए. कंपनीने ४५ फेऱ्यांची तबकडी काढली तेव्हा मधले भोक तब्बल दीड इंचाचे ठेवले आणि त्या मापाचा जाड खुंट असलेला चेंजरही तिच्याबरोबरच आणला. तबकडी आणि यंत्र यांचे माप एकत्रच ठरले.

आपल्याकडील संगीताला या जुळणीची फारशी गरज नव्हती. फ्रेड गेसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केले तेव्हापासून आपले गायक एका बाजूत मावेल एवढे संपूर्ण गाणे देण्यास शिकले. दोन-तीन मिनिटांत रागाचे रूप उभे करावयाचे, बंदिश मांडावयाची, ताना घ्यावयाच्या आणि संपवावयाचे. अशी तबकडी एकदा ऐकून मन भरत नाही. पुढची तबकडी नको असते, तीच हवी असते. मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. परंतु त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन जोशी गाण्याकडे ओढले गेले, हे सर्वश्रुत आहे. तबकडी किती वेळा ऐकली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पण केवळ कानाने शिकणाऱ्यास एकदा ऐकून भागत नाही, हे कोणताही गाणारा सांगेल.

लाभ आणि हानी

हे यंत्र निर्दोष नव्हते. चावीच्या ग्रामोफोनवर ते फारसे रुजणे शक्यच नव्हते, कारण एक तर चावी उतरे आणि दुसरे म्हणजे सुई झिजे. विजेची मोटर आणि नीलम किंवा हिऱ्याच्या टिकाऊ सुया आल्यावरच ते खऱ्या अर्थाने घरगुती झाले. तबकड्या एकमेकींवर पडून घासल्या जात; म्हणून पुढे काही कंपन्या तबकडीचा काठ व मधला भाग किंचित उंच ठेवू लागल्या, म्हणजे खाची खाचींना लागत नाहीत. थप्पी वाढली की सुई टेकण्याचा कोनही बदले. याच कारणांमुळे चोखंदळ श्रोते पुढे पुन्हा हाताने लावावयाच्या यंत्रांकडे वळले. शिवाय प्रत्येक वेळी वाजताना खाच थोडी झिजतेच. पुन्हा ऐकण्याची किंमत तबकडी स्वतःच्या अंगाने भरीत असते.

परंतु मला याहून मोठा वाटतो तो दुसरा फरक. हाताने लावावयाच्या काळात दर तीन मिनिटांनी शांतता येई. ती मोडावयाची तर कोणीतरी उठावे लागे. म्हणजे प्रत्येक वेळी ऐकणे हा एक निर्णय होता. स्वयंचलित यंत्राने ही रीत उलटी केली. आता ऐकणे आपोआप चालू राहते आणि निर्णय घ्यावा लागतो तो थांबण्याचा. आपल्या मोबाइलने ही उलटी रीत फक्त अधिक पुरी केली आहे. आजोबांचा हात मोकळा झाला, त्यांना बसून जेवता आले असते, ही लहान गोष्ट नव्हे. तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण मोकळ्या झालेल्या हाताबरोबर कानही मोकळा सुटू नये, एवढे भान ठेवणे आपल्याकडे लागते. यंत्र ते ठेवणार नाही.

शेवटी एक सूचना. जुन्या वाड्यात, नातेवाइकांकडे किंवा जुन्या बाजारात बंद पडलेला रेकॉर्ड चेंजर दिसला, तर विजेची तार काढलेली आहे याची खात्री करून मालकाच्या परवानगीने त्याची थाळी उचलावी. मोठ्या चाकावरील दात नसलेली जागा शोधावी. मग थाळी परत बसवून ती हातानेच सुलट दिशेने फिरवावी आणि दांडी हळूच आत न्यावी. काही होणार नाही. मग एकदम आत न्यावी. यंत्र शाबूत असेल तर वीज नसतानाही दांडी उठेल, बाहेर जाईल आणि काठावर येऊन टेकेल. मी हे करून पाहिले आहे. थाळी फिरवीत होता तो माझाच हात, हे ठाऊक असूनही दांडी उठली तेव्हा मी दचकलो.